पांढऱ्या फ्रॉकची ट्रायल

७ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे तसंच उशाखाली सारू नकोस. तुझ्या लेकीबद्दल, बॉबिनबद्दल आहे. आधीच सांगते, ती बरी आहे. आत्ता समोर बसून दूध पिते आहे आणि सायीवरून कुरकुर करते आहे, म्हणजे अगदीच बरी आहे.

फोन केला असता, पण फोनवर मी तुला बोलूच देत नाही ही तुझी जुनी तक्रार. यापुढे काय असेल ते लिहून कळव, असं तूच म्हणालीस. म्हणून लिहिते. कागदावर तर तुला मधे बोलायची सोयच नाही, पण तो विचार तू आधी करायला हवा होतास.

काल दुपारी ती दुकानात एकदम पडली. बसली होती. खिडकीजवळच्या बुटक्या खुर्चीवर, बटणांचा डबा मांडीवर घेऊन. राबत नव्हती, खेळत होती, तेही आपल्या मनाने. मागच्या खेपेला येऊन तू जो तमाशा केलास, त्यानंतर मी तिच्या हातात सुई दिलेली नाही. खोटं वाटत असेल तर दुकानातल्या काजवालीला विचार. तर बसल्या बसल्या तिचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि हातपाय झटकायला लागली. फार वेळ नाही. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. कपडे ओले झाले होते. ते बदलून मी गाडी केली आणि तिला दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर अगदी तरुण पोरगा आहे. किती दिवस झोपला नव्हता कोण जाणे, पण विचारलं सगळं. पडण्याच्या आधी काय करत होती, अंग कसं झटकलं, जीभ चावली का, नंतर गोंधळली होती का. मी सांगितलं. घरात कोणाला फिट येते का, कोणी असं चक्कर येऊन पडतं का, हेही विचारलं. मी नाही म्हटलं. बापाकडचं विचारलं, तर म्हटलं त्याचाच पत्ता नाही, त्याच्या घरच्यांचं कुठून सांगू.

फिट असू शकते म्हणाला. एकदाच झाली आहे तर लगेच औषध नको, डोक्याची तपासणी करून घेऊ, पुन्हा झालं तर बघू. म्हणजे काळजीचं काही नाही.

तू तिच्याशी फोनवर बोलशील तेव्हा त्या दिवसाचं खोदून विचारू नकोस. डॉक्टरांनीच सांगितलं आहे, पोरं धसका घेतात म्हणून.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन ओळी, त्यातली एक माझ्यासाठी. चालेल.

बसलेली मुलगी खुर्चीवरून कशी पडेल, असं विचारलं आहेस. पडेल तशी पडेल. मी काय तिला पडायला शिकवलं आहे? तू बॉबिनलाही फोनवर तेच विचारलंस, हे तिने मला सांगितलं. तीही हेच म्हणाली ना, मी बसले होते, बटणं खेळत होते म्हणून? मग झालं तर.

डोक्याची तपासणी झाली. केसांत काहीतरी चिकट लावून तारा डकवतात आणि तिकडे कागदावर रेघा उमटतात. बॉबिन अगदी शहाण्यासारखी पडून होती. मला म्हणाली, मावशी, मी मशीन झाले. नंतर तो चिकटा काढताना मात्र दोघी रडकुंडीला आलो. रेघांमध्ये कुठेतरी जराशी वाकडी लकेर आहे म्हणे. अशी लकेर चांगल्या धडधाकट पोरांतही दिसते, त्यावरून नक्की सांगता येत नाही. तरुण डॉक्टर म्हणाला, या तपासणीपेक्षा बघणाऱ्याने काय बघितलं त्यालाच जास्त महत्त्व आहे, आणि तुम्ही तर समोर होतात. मी हो म्हटलं.

दुकानाचं म्हणशील तर डोक्याला ताप आहे. बँकेतल्या बाईंच्या मुलीचा पांढऱ्या सॅटिनचा फ्रॉक होता, गाण्याच्या कार्यक्रमासाठी. खालचा घेर सगळा नवीन कापावा लागला. बाई भडकल्या. मांजराने घाण केली असं सांगितलं त्यांना. आपल्या दुकानात मांजर नाही हे तुला माहीत आहे, त्यांना नाही.

काजवाली दोन दिवस तोंड फुगवून बसली होती. चहा प्यायला बाहेर गेलेली ती, परत आली तर बादलीत सॅटिन भिजत होतं. ताई, सॅटिन कोणी भिजवतं का, असं म्हणाली. मी म्हटलं, तू काजं कर. बारा वर्षं माझ्याकडे आहे, पण सॅटिनचं मला शिकवायला निघाली.

ताई


१५ मार्च

धाकटे,

शाळेतून फोन आला तेव्हा माझ्या हातात कात्री होती, ती तशीच घेऊन रस्त्यावर आले. पुढच्या कोपऱ्यावर एका माणसाने बाजूला होत विचारलं, बाई, कोणाला मारायला निघालात? तेव्हा कळलं.

मैदानावर मुलांना रांगेत उभं केलं होतं. कोणी पाहुणा बोलत होता, ऊन होतं, भाषण संपत नव्हतं. बॉबिन मधल्या रांगेत. बाईंनी सांगितलं, आधी डोळे चोळत होती, मग तोंड पांढरंफटक पडलं आणि गवतावर कोसळली. तिथेच सावलीत सरकवली तर लगेच डोळे उघडले. हातपाय झटकले का विचारलं, तर म्हणाल्या, नाही बाई, फुलासारखी पडली. मी पोचले तेव्हा ती बाकावर बसून बिस्किट खात होती आणि मैत्रिणीला आपल्या गुडघ्याचं खरचटणं दाखवत होती.

मला वाटलं डॉक्टर म्हणेल, उन्हाने झालं. त्याने तसं म्हणायला तोंड उघडलंही. मग पहिला कागद काढून वाचला. म्हणाला, नुसतं हे असतं तर मी चक्करच म्हटलं असतं. पण पहिल्यांदा बसल्या जागी, काही कारण नसताना झालं आहे, झटकेही आले होते. त्यामुळे हेही त्याच खात्यात धरावं लागेल. ‘बसल्या जागी’ हे शब्द त्याने माझ्याकडे बघून म्हटले, म्हणजे मलाच विचारत होता, बरोबर ना म्हणून. बॉबिन माझ्या शेजारी होती. मी मान हलवली.

औषध सुरू केलं आहे. सकाळ-संध्याकाळ. पोहायचं नाही, उंचावर चढायचं नाही, सायकल नाही. शाळेला तसं पत्र गेलं. आता मधल्या सुट्टीत दोन मुली तिच्या मागे राखणदारासारख्या फिरतात.

तू लिहिलंस की हे सगळं तिच्या बापाच्या घराण्यातून आलं, आपल्याकडे असलं काही नव्हतं. मी यावर काय बोलू? त्या माणसाच्या माथ्यावर आधीच इतकं आहे, आणखी एक चढलं तर त्याला कळणारही नाही.

तुझी नोकरी सोडून धावत येऊ नकोस. तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्या गृहस्थांना तुझी सवय झाली आहे, बदली बाई मिळेपर्यंत ते तुला सोडणार नाहीत हे तूच लिहिलं आहेस. मी आहे ना इथे.

ताई


१९ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी दोनदा फाडलं आहे.

बॉबिन शाळेतून येते आणि बूट न काढता आडवी होते. उठवलं तर अंगावर ओरडते. ही तीच पोर, जी चपला काढताना एका पायावर गिरक्या घ्यायची, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी, म्हणून तर मी तिचं नाव बॉबिन ठेवलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वाचताना ओळ सुटते तिची, आधी असं नव्हतं. परवा तिने माझ्या नव्या कापडावर कात्री चालवली, मुद्दाम, माझ्याकडे बघत. मी हात उगारला आणि खाली घेतला. औषधाने असं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाला. काही पोरांना होतं, म्हणे.

औषध चालू आहे म्हणून रक्त तपासायचं होतं. उंच स्टुलावर बसवलं. नर्सने रबर बांधलं, सुई बाहेर काढली, आणि बॉबिनच्या चेहऱ्याचा रंग गेला. ओठसुद्धा पांढरे. कपाळावर घाम. मला कळलं आता पडणार. कसं कळलं, ते तुला सांगायला नको. तू अशीच पडायचीस. तू पडायच्या आधी तुझं नाक असंच टोकदार दिसायचं आणि आई म्हणायची, चालली बघ ही.

नर्स हुशार, तिने तिला तिथेच जमिनीवर आडवी केली. मिनिटभरात पोर उठून बसली. तिच्या बाबतीत हे तिसऱ्यांदा झालं, म्हणून डॉक्टरने गोळी वाढवली. कालपासून दीड देते आहे. माझ्या हाताने मोडते, सुरीने, अर्धी नीट व्हावी म्हणून.

धाकटे, ती बसली नव्हती. त्या पहिल्या दिवशी. ती उभी होती, स्टुलावर, दुकानात. बाकी मी सांगितलं ते सगळं खरं आहे.

डॉक्टरला सांगणार होते. गोळी वाढवतोय तेव्हाच सांगणार होते. पण बॉबिन बाजूला होती आणि तो लिहीत होता, आणि एवढे दिवस एक सांगून आता दुसरं कसं सांगायचं, हे मला उमजेना. त्याने मोठ्या इस्पितळातल्या लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिली आहे. मेच्या सुरुवातीला. त्यांना सांगेन.

ताई


२ मे

धाकटे,

तुझं पत्र आलं. एवढा मोठा कागद आणि वर एकच ओळ, कशासाठी उभी होती? बाकी कोरा. मी तो कोरा भाग उलटून पालटून बघितला.

ट्रायलसाठी उभी होती. घे.

बँकेतल्या बाईंची मुलगी बॉबिनच्याच वयाची, तिच्याच मापाची. ती पोर गाण्याच्या तालमीतून मोकळी होईना, फ्रॉक तर त्याच आठवड्यात द्यायचा होता. बॉबिन शाळेतून आली. मी म्हटलं, जरा उभी राहतेस का, राणीसारखी दिसशील. तुला शब्द दिला होता की तिला ट्रायलच्या स्टुलावर कधी उभं करणार नाही. तो शब्द माझ्या लक्षात होता. विसरले असते तर बरं झालं असतं, निदान तसं लिहिता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, एकदाच, धाकटीला कोण सांगायला जातंय.

शाळेतून आल्यावर तिने काही खाल्लं नव्हतं. इस्त्री चालू होती, खिडकी बंद होती, कारण वाऱ्याने सॅटिनच्या चुण्या हलतात. घेर दुमडायला वेळ लागतो, तो असातसा नाही, तुला माहीत आहे, तू किती उभी राहिली आहेस. खांद्यापाशी एक टाचणी तिला टोचली. तिने हाय केलं. मी म्हटलं, झालंच. आणि मग ती गेली.

आता पुढचं. ती खाली यायला लागली तेव्हा मी तिला काखेत हात घालून धरली. तिला लागू नये म्हणून धरली असं मी या तीन महिन्यांत स्वतःला कितीदा सांगितलं आहे. तसं असतं तर मी तिला खाली ठेवली असती. जमिनीवर तेलाचे डाग होते, मशीनला सकाळीच तेल घातलं होतं. आणि फ्रॉक पांढरा होता. मी तिला फ्रॉकसाठी उभी धरली, धाकटे. तिची मान लोंबत होती, आणि माझ्या हातात तिचं अंग ताठ झालं, मग झटके आले. तरी मी धरूनच ठेवली. शेवटी फ्रॉक ओला झाला तेव्हा खाली ठेवली, कारण आता वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आणि मग आधी टाचण्या काढल्या, मग फ्रॉक काढला, बादलीत टाकला, तिला तिचे कपडे घातले, आणि मग गाडी बोलावली. गाडीत मी तिला म्हटलं, कोणी विचारलं तर सांग, मी बसले होते, बटणं खेळत होते. नाहीतर आई रागावेल आणि तुला इथून घेऊन जाईल. ती लगेच हो म्हणाली. तिला वाटलं असेल, मावशीला वाचवायचं आहे.

वर आणखी, घरात कोणी पडतं का म्हटल्यावर मी नाही म्हटलं. तुझं सांगितलं असतं, तर तू कधी पडायचीस तेही सांगावं लागलं असतं. आणि मग ही कधी पडली तेही.

एवढंच आहे, सगळं लिहिलं. परवा मोठ्या डॉक्टरीणबाई. आता पुन्हा नाही फाडणार, आत्ताच पेटीत टाकून येते.

ताई


४ मे

धाकटे,

इस्पितळातून आलो. बॉबिन झोपली आहे. सावकाश सगळं सांगते, त्यातलं काही मला नीट समजलं नसेल तर तू तिथे कोणाला तरी विचार.

डॉक्टरीणबाई माझ्याहून मोठ्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी आमचे जुने कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, हे मी नंतर वाचते, आधी मला तोंडाने सांगा. मग माझ्याऐवजी बॉबिनलाच विचारलं, पहिल्या वेळी तू काय करत होतीस?

बॉबिन म्हणाली, "मी बसले होते. बटणं खेळत होते."

कविता म्हणतात त्या चालीत म्हणाली. इतक्या ठिकाणी म्हणून झालं आहे तिचं. मी म्हटलं, नाही, ती उभी होती. आणि तुला लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं, सॅटिनसकट, मांजरासकट. तुझ्या पडण्याचंही सांगितलं. त्या मधे मधे थांबवून विचारत होत्या. चेहरा पांढरा होता की निळा? पांढरा. डोळे उघडे होते? हो, वर गेलेले. झटके किती वेळ? थोडाच, पण मला खूप वाटला. शुद्धीवर आल्यावर तुम्हाला ओळखलं? लगेच, पाणी मागितलं. जीभ चावली नव्हती. आणि या सगळ्यात तुम्ही तिला कशी धरली होती? मी उभी राहून करून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, "माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा डोक्याकडे रक्त कमी पडतं. आडवं झालं की ते परत जातं. उभं धरून ठेवलं की जात नाही. मग मेंदूला तेवढ्या वेळात काही मिळत नाही आणि हातपाय झटकतात. कपडेही ओले होऊ शकतात. बघणाऱ्याला ती फिट वाटते. तुम्ही तिला आडवी केली असती तर बहुतेक हे झटके आलेच नसते."

मी म्हटलं, म्हणजे ते मी आणले. त्या म्हणाल्या, असं मी म्हटलेलं नाही. पण नाही असंही म्हणाल्या नाहीत.

मग खुर्ची ओढून त्या बॉबिनजवळ बसल्या आणि विचारलं, पडायच्या आधी तुला काही कळतं का गं? बॉबिनने माझ्याकडे बघितलं. उत्तर माहीत नाही म्हणून नाही. बोलू का, असं बघितलं. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, मीही पाहिलं. मी म्हटलं, सांग, जे असेल ते सांग.

"कानात पाणी भरल्यासारखं होतं," ती म्हणाली. "मग सगळे लांब जातात. त्या दिवशी पण झालं. मी मावशीला म्हटलं, बसू का. ती म्हणाली, हलू नकोस, टाचण्या आहेत. मग मी परत म्हटलं. मग मला आठवत नाही."

धाकटे, हे मी तुला परवाच्या पत्रातही लिहिलं नाही. सगळं लिहिलं असं म्हणाले आणि हे तेवढं ठेवून घेतलं. ती पडली हे माझ्या हातात नव्हतं असं मला कुठेतरी धरून राहायचं होतं. पण तिने विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा मी उत्तरही दिलं नाही, माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

हे वाक्य तुझं आहे, हे मला तिथे त्या खुर्चीवर कळलं. बसू का, आई? त्याच स्टुलावर उभी राहून तू विचारायचीस आणि आई हेच उत्तर द्यायची. मी शेजारी टाचण्यांची डबी धरून असायचे. पण आई इतकी कडक बाई, ती सुद्धा तू पडलीस की हातातलं टाकायची. तुला जमिनीवर निजवायची आणि पाय कापडाच्या गाठोड्यावर ठेवायची. ते गाठोडं कोण आणायचं? मी आणायचे. मला सगळं माहीत होतं.

आता पुढचं. हृदयाची तपासणी करून घेतली, असं पडणाऱ्या मुलांची ती करायलाच हवी म्हणाल्या. ती चांगली आहे. तुझं विचारून घ्यायला सांगितलं आहे, तू कधी धावताना किंवा खेळताना पडली होतीस का, घरात कोणी लहान वयात अचानक गेलं होतं का? मी नाही म्हटलं, पण माझ्या नाहीवर आता कोण विश्वास ठेवणार, तू स्वतः लिहून पाठव. त्यांच्या मते ही फिट नाही, साधी चक्कर आहे, तिन्ही वेळची. तरी त्यांनी शंभर टक्के असा शब्द वापरला नाही, लक्ष ठेवायला सांगितलं आहे. गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची, नाहीतर त्यानेच त्रास होतो. मी तर घरी जाऊन सगळ्या फेकणार होते, बरं झालं विचारलं. कान भरून आले की बॉबिनने जिथे असेल तिथे बसायचं, शक्य तर आडवं होऊन पाय वर. पाणी भरपूर प्यायचं. उपाशी राहायचं नाही. पोहायचं कधी ते गोळ्या संपल्यावर सांगतील.

निघताना मी त्यांना म्हटलं, मला काही बोला तरी. त्या म्हणाल्या, तुम्ही आज सांगितलंत, त्याचा तिला उपयोग झाला. मला बोलणीच खायची होती. तेवढंही मिळालं नाही.

ताई


११ जून

धाकटे,

तू येते आहेस, तिला कायमची न्यायला, हे वाचलं. बदली बाई मिळाली हे चांगलं झालं. मी हुज्जत घालणार नाही. तिची पिशवी भरून ठेवली आहे, फक्त शाळेचे बूट बाहेर आहेत.

गोळी आता अर्धीवर आली आहे. काल चपला काढताना तिने एक गिरकी घेतली, अर्धवट, भिंतीला धरून. काजवालीने पाहिलं आणि मशीन थांबवलं.

ट्रायलचं स्टूल मी मोडलं नाही, तसं सांगून तुला खूष करणार नाही, धंद्याला ते लागतं. पण आता ज्याचे कपडे त्यानेच त्यावर उभं राहायचं. बँकेतल्या बाईंना मांजराचं खरं काय ते सांगितलं. त्या पुढचं काम दुसरीकडे देतील, देऊ देत.

एक काम तुझ्यासाठी ठेवलं आहे, मला ते जमलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिला रोज शिकवते, कान भरले की बसायचं, कोणाला विचारायचं नाही, दुकान असो, रस्ता असो, कोणी ओरडलं तरी बसायचं. ती सगळं पाठ म्हणून दाखवते. परवा आम्ही ब्रेडच्या रांगेत उभ्या होतो. गरम होत होतं. तिने माझा हात ओढला. चेहरा पांढरा झाला होता, नाक तुझ्यासारखं टोकदार. आणि तिने मला विचारलं, "मावशी, बसू का?"

मी तिच्या आधी खाली बसले. रांगेत, सगळ्यांच्या पायांमध्ये. मग ती बसली, मग आडवी झाली, पाय मी माझ्या मांडीवर घेतले. पडली नाही. थोड्या वेळाने उठून तिने ब्रेडही घेतला.

पण विचारलं तिने. माझ्याच तोंडाकडे बघून विचारलं. तू आलीस की तिला आधी हे शिकव. तुला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

गाडीवर घ्यायला मी येत नाही. बॉबिनला काजवाली घेऊन येईल. तुला वाटलं, तर दुकानात ये. खिडकी उघडी असते आता, आणि ती बुटकी खुर्ची दाराशीच ठेवली आहे.

ताई